एन्कातली ती रडणारी बाई आली कुठून?

जपानच्या मुख्य बेटाच्या वरच्या बाजूला, त्सुगारु द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला तप्पी नावाचं भूशिर आहे. तिथे एका गाण्याचं दगडी स्मारक उभारलंय आणि त्याला चक्क बटण आहे, दाबलं की त्या भणाण वाऱ्यात फुल व्हॉल्यूममधे एक बाई गायला लागते. गाणं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी', म्हणजे त्सुगारु सामुद्रधुनीचा हिवाळा, एन्का या जपानी विरहगीतांच्या लोकप्रिय प्रकारातलं. १ जानेवारी १९७७ ला ही सिंगल आली तेव्हा गाणारी इशिकावा सायुरी १८ वर्षांची होती. गाण्यात होतं काय, तर एक बाई टोकियोच्या उएनो स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडते, पार उत्तरेतल्या आओमोरीला उतरते तर सगळीकडे बर्फ, उत्तरेकडे निघालेली माणसं सगळी गप्प, मग फेरीबोट, गारठलेले सीगल, आणि ती एकटीच रडतेय. कोणीतरी अनोळखी माणूस बोट दाखवून सांगतो, ते बघा तप्पी. ती श्वासाची वाफ धरलेली काच पुसून बघते तर लांब धूसर काहीतरी दिसतं, बस्स. ज्याला सोडून ती निघालीये त्याचं नि तिचं काय बिनसलं, चूक कोणाची, काही कळत नाही. नुसतं 'चालले मी'.

आणि हे लिहिणारा आकु यू, चाळिशीला टेकलेला पुरुष. चाल मिकी ताकाशीची, तोही पुरुषच. एन्का म्हटलं की जपानी लोक 'ओन्ना-गोकोरो' म्हणजे बाईचं मन असं लगेच म्हणतात, पण त्या मनाचा मजकूर वर्षानुवर्षं पुरुषांनी लिहिलाय. मला या प्रकारात सगळ्यात इंटरेस्टिंग हेच वाटतं, कारण इतिहास बघायला गेलं तर सुरुवातीला एन्कात बाई नव्हतीच मुळी!

एन्का हा शब्द १८८० च्या दशकातला. तेव्हा मेइजी सरकारविरुद्ध लोकहक्कांची चळवळ चालू होती, भाषणांवर बंदी यायची, मग कार्यकर्ते भाषण गाण्यातून करायचे. 'एन्' म्हणजे भाषणातलं 'एन्', 'का' म्हणजे गाणं. थोडक्यात आपण ज्याला प्रचारगीत म्हणू ते. नाक्यावर उभं राहून मंत्र्यासंत्र्यांना शिव्या घालायच्या आणि गाण्याचे छापील कागद विकायचे. पुढे चळवळ थंडावली, गाणाऱ्यांच्या हातात व्हायोलिन आलं, विषय प्रेम, खून, आत्महत्या असे झाले, आणि मग रेकॉर्ड कंपन्या आल्यावर रस्त्यावरचे हे एन्कावाले मागेच पडले, शब्द सुद्धा जवळजवळ विसरला गेला.

आज एन्काचा म्हणून जो सूर ओळखला जातो तो दुसऱ्याच वाटेने आला. कोगा मासाओ नावाचा संगीतकार, लहानपण कोरियात गेलेलं, १९३१ ला त्याचं दारू आणि अश्रूंचं एक गाणं तुफान चाललं. त्यात जी स्केल आहे तिला 'योनानुकी' म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा सूर वगळलेली. आपल्या कानांसाठी सांगायचं तर मेजर योनानुकी म्हणजे सरळ भूप, आणि मायनर म्हणजे शिवरंजनीतला धैवत कोमल केला की जवळपास तेच. त्यामुळे पहिल्यांदा ऐकूनही ते परकं वाटत नाही. गळ्यातून घेतात त्या मुरकीला 'कोबुशी' म्हणतात. पण त्या काळात याला कोणी एन्का म्हणत नव्हतं हां, नुसतं 'र्युकोका', म्हणजे चालू हिट गाणी.

त्याच सुमाराला गेइशा, म्हणजे मैफलीत गाऊन-नाचून रिझवणाऱ्या कलावंतिणी, रेकॉर्डवर गाऊ लागल्या, कात्सुतारो, इचिमारु वगैरे, आणि बाईचं दुःख बाईच्या गळ्यातून घरोघरी पोचलं. पण मला विचाराल तर खरी ठिणगी १९४७ ची. युद्ध हरलेलं, टोकियो बेचिराख, आणि पेपरात एका बाईचं पत्र छापून आलं. ती चीनमधल्या मांचुरियातून परतलेली नर्स होती, इथे कोणी नाही, काम नाही, शेवटी रस्त्यावर उभं राहावं लागलं. ते वाचून शिमिझु मिनोरु या गीतकाराने 'होशी नो नागारे नी' लिहिलं. त्यातली ओळ, की मला अशी बाई कोणी केली, लोकांच्या तोंडी बसली. हे गाणं रडकं नाही खरंतर, चिडलेलं आहे. पुढच्या वीस वर्षांत तो राग कुठे गेला आणि नुसते अश्रू का उरले हा प्रश्न मला नेहमी पडतो.

उत्तराचा काही भाग बाजारात आहे. १९५८ पासून वेश्याव्यवसायबंदीचा कायदा पूर्ण लागू झाला, त्याच काळात शहरात बार, कॅबरे, स्नॅकबार वाढत होते आणि ईशान्येकडच्या तोहोकूसारख्या गरीब भागातून पोरं-पोरी गाड्या भरभरून उएनोला उतरत होती. बारमधे गिटारवाले 'नागाशी' फिरायचे, फर्माईश घ्यायचे, नंतर 'युसेन' आलं, म्हणजे वायरवरून दुकानादुकानात वाजणारा रेडिओ, फोन करून गाणं मागवायचं. फोन करणाऱ्यांत बारमधे काम करणाऱ्या बायका भरपूर. म्हणजे बघा, गाण्यातली बाई बारमधली, ऐकणारी बाई बारमधली, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला पण ती रडणारी, वाट बघणारी बाईच हवी. कंपन्यांना अजून काय पाहिजे?

आणि नेमकं याच वेळी, १९६० च्या शेवटाला, तो जुना विसरलेला 'एन्का' शब्द झाडूनपुसून या गाण्यांना चिकटवला गेला. ओसाका विद्यापीठातले वाजिमा युसुके यांनी हे सविस्तर मांडलंय, की एन्का म्हणजे जपानी मनाचा पुरातन ठेवा वगैरे जे सांगतात ते त्या काळात घडवलं गेलं. मला ते पटतं.

आता गंमत. मराठीत 'मी जाते' म्हटलं की बाई बोलतेय हे कळलं, जपानीत क्रियापद तसं बदलत नाही. तिथे 'आताशी' (मी), 'आनाता' (तुम्ही), वाक्याच्या शेवटी 'वा' अशा शब्दांवरून बाई ओळखायची. मग हे शब्द घेऊन पुरुष पण बिनधास्त बाई होऊन गातात, साध्या सूटमधे, कुठलीही नक्कल न करता. मोरी शिनइची १९६६ ला आला तोच 'बाईचा उसासा' नावाचं गाणं घेऊन, आवाज असा घोगरा की घसा बसलाय असं वाटावं. १९७२ ला पिंकारा ट्रिओ या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या तिघांनी 'ओन्ना नो मिची', बाईची वाट, काढलं आणि ते ३२ लाखांच्या वर खपलं. पुढच्या वर्षी तोनोसामा किंग्सचं 'नामिदा नो मिसाओ', विषय काय तर तुझ्यासाठीच जपलेलं पावित्र्य, गाणारे पुरुष! हे ऐकताना मला थोडं हसू येतं आणि थोडी चीड पण.

पण लिहिणारा काही म्हणो, गाणारीच्या गळ्यात गेलं की गाणं वेगळंच होतं. मिसोरा हिबारी १९६६ चं 'कानाशी साके' गाताना खरीखुरी रडायची, गालावरून पाणी आणि सूर मात्र तसूभर हलत नाही. फुजी केइको (हो, पॉपस्टार उतादा हिकारूची आई) १९६९ ला आली, आईवडील दोघंही गावोगाव फिरून गाणारे, ही अठराची आणि चेहऱ्यावर हसू नाही. तिचं ऐकून लेखक इत्सुकी हिरोयुकी म्हणाला की हे एन्का नाही, 'ओन्का' आहे, मनात धरलेल्या वैराचं गाणं. १९४७ चा राग थोडा परत आल्यासारखा वाटतो मला तिच्यात.

मियाको हारुमीचं 'किता नो यादो कारा' १९७५ चं, परत आकु यू. उत्तरेतल्या एका लॉजवर बाई स्वेटर विणत बसलीये, थंडीत, आणि तिला माहितीये की तो काही हा घालणार नाही. तरी टाके चालूच. 'मिरेन' हा शब्द इथे येतो, सुटता न सुटणारा जीव, आणि ती स्वतःच म्हणते की हे मिरेनच असणार. म्हणजे स्वतःकडे जरा लांबून बघतेय, इतकी काही भोळी नाही ती. १९७६ चं जपान रेकॉर्ड अवॉर्ड याला मिळालं. हारुमीने मात्र १९८४ ला 'मला साधी बाई व्हायचंय' म्हणून गाणं सोडलं, काही वर्षांनी परत आली तो भाग वेगळा.

१९८६ ला इशिकावा सायुरीचंच 'आमागी-गोए' आलं आणि त्यात बाई सरळ विचारते की तू दुसरीचा होणार असशील तर तुला मारून टाकू का. वाट बघणं संपलं. २००७ ते २०२३ एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमात ती एक वर्ष त्सुगारु, एक वर्ष आमागी असं आलटून पालटून गात आली, म्हणजे एका वर्षी बोटीवर रडणारी आणि दुसऱ्या वर्षी जीव घ्यायला निघालेली.

आणि १९९४ ला साकामोतो फुयुमीचं 'योझाकुरा ओशिची'. चाल पुन्हा मिकी ताकाशीची, पण शब्द हायाशी आमारीचे, तांका हा छोट्या कवितेचा जपानी प्रकार लिहिणारी कवयित्री, म्हणजे एकदाची बाईच. ओशिची ही एदो काळातली, म्हणजे सतराव्या शतकातली, भाजीवाल्याची पोर, प्रियकर परत भेटावा म्हणून आग लावली आणि त्यापायी जीव गेला. गाण्याच्या सुरुवातीलाच तिच्या चपलेचा लाल अंगठा तुटतो, बांधून द्यायला कोणी नाही, आणि ही चपलेकडे बघत रडत बसत नाही.