टायलर डर्डन हा आदर्श पुरुष नव्हे

आमच्या जळगावातल्या एका व्यायामशाळेच्या भिंतीवर टायलर डर्डनचे चित्र आहे, आणि त्याखाली घाम गाळणारी पोरे आजही ठामपणे सांगतात की डेव्हिड फिंचर यांचा १९९९ सालचा ‘फाइट क्लब’ हा चित्रपट हाणामारीतून मर्द घडतो असे शिकवतो. हा समज चुकीचा आहे. टायलर हा चित्रपटातल्या, निद्रानाशाने पिचलेल्या निवेदकाचा भास असून, त्याच्यापासून सुटण्यासाठी निवेदक अखेर स्वतःच्याच तोंडात गोळी झाडतो. त्याआधी तो एका देखण्या तरुणाचा चेहरा ठेचतो, तेव्हा भोवतीचे हाणामारीच्या क्लबातले सोबती गप्प होतात. मला हाच क्षण सर्वांत बोलका वाटतो. पुढे त्यांच्यातलाच एक, बॉब, पोलिसांच्या गोळीने मरतो, तर सोबत्यांना त्याचे प्रेत म्हणजे बागेत पुरून टाकायचा पुरावा वाटतो.