स्टॉकहोमच्या जल सप्ताहाचं निमंत्रण आलंय? व्हिसाच्या आधी 'एफसी-2' बघा

गावातलं पाण्याचं किंवा सांडपाण्याचं काम नावाजलं गेलं की कधीतरी एक ईमेल येतो: ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला या, तुमचा अनुभव सांगा, तिकीट आणि राहण्याचा खर्च आमचा. मग सरपंच असोत, जिल्हा परिषदेतले अभियंते असोत की संस्थेतली तरुण कार्यकर्ती, सगळे आधी व्हिसाचा फॉर्म शोधायला लागतात. घोळ तिथंच होतो.

स्वीडनमधला हा जागतिक जल सप्ताह, म्हणजे पाण्यावरची परिषद, 1991 पासून दरवर्षी भरतो. संयुक्त राष्ट्रांची जल परिषद इतकी नियमित नाही. 1977 मध्ये अर्जेंटिनात मार देल प्लाता इथं झाली आणि त्यानंतर थेट 2023 मध्ये न्यूयॉर्कला. मराठी माणसाला स्टॉकहोम तसं परकं नाही. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांना 1993 चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला होता.

आता खर्च कोण करतंय, ते बघा. स्वतःच्या खिशातून जाणार असाल तर थेट व्हिसाच्या परिच्छेदाकडे जा. पण परदेशी संस्था तिकीट किंवा निवास देत असेल, तर परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, 2010 (इंग्रजी लघुरूप एफसीआरए) मध्ये त्याला 'परकीय आदरातिथ्य' म्हणतात. कलम 6 नुसार ते स्वीकारण्याआधी काही जणांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते: विधिमंडळाचे सदस्य, राजकीय पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी नोकर आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांचे कर्मचारी. यातला 'विधिमंडळ' हा शब्द फसवा आहे. कायद्यातल्या व्याख्येत नगरपालिका आणि पंचायतीही येतात. म्हणजे आमदारांना लागू असलेला हा नियम ग्रामपंचायत सदस्यालाही लागू आहे, आणि बहुतेकांना हे ऐनवेळी कळतं.

अर्ज 'एफसी-2' या नमुन्यात, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवर ऑनलाइन करायचा. सोबत यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र जोडायचं. त्यात ती नेमका कोणता खर्च उचलणार ते स्पष्ट हवं. नोकरीत असाल तर खात्याची मंजुरी वेगळी काढा. अर्ज प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी पोचायला हवा असं नियम सांगतो, पण दोन आठवड्यांवर विसंबू नका. निमंत्रण हातात पडलं की त्याच आठवड्यात भरा. एक सवलत आहे. संयुक्त राष्ट्रं, त्यांच्या विशेष संस्था किंवा जागतिक बँक खर्च करत असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं तो 'परकीय स्रोत' धरला जात नाही. आणि पैसे तुमच्या नावानं न येता संस्थेच्या खात्यात येणार असतील, तर तो मामला आदरातिथ्याचा राहत नाही. तिथं संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

मग व्हिसा. स्वीडनसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45 पर्यंतही जातात. उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा अपॉइंटमेंट आधी धरून ठेवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा. स्टुडिओत 'पासपोर्ट साइज' एवढंच सांगितलं तर भलत्याच मापाचा हाती पडतो. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, पूर्ण मुक्कामाचा. याशिवाय परिषदेच्या नोंदणीची पावती, निमंत्रणपत्र, निवासाचं आणि परतीच्या तिकिटाचं आरक्षण, बँकेचं स्टेटमेंट, नोकरी असेल तर रजेचं पत्र.

बँक स्टेटमेंटवर शिक्का आणि सही मागून घ्या. माझ्याकडे पहिल्या वेळी साधी प्रिंट होती. व्हिसा केंद्राच्या खिडकीवरच्या बाईंनी ती एका बोटानं परत सरकवली आणि मी पुन्हा बँकेच्या रांगेत. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून मूळ प्रतीसोबत लावा. निमंत्रणपत्रातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, तेही ताडून बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, तिकडच्या पत्रात ते हमखास गाळलेलं असतं.

शुल्क प्रौढांना 90 युरो, सेवा केंद्राचा आकार वेगळा. मात्र ना-नफा संस्थेचा प्रतिनिधी 25 किंवा त्याहून कमी वयाचा असेल आणि परिषदेचे आयोजकही ना-नफा असतील, तर व्हिसा शुल्क माफ असतं. ही सवलत आपण मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही, म्हणून संस्थेचं पत्र आणि नोंदणी प्रमाणपत्र अर्जाला आधीच जोडा. व्हिसा नाकारला तर कारणाचा छापील फॉर्म मिळतो आणि त्यावर अपील करता येतं. भरलेले 90 युरो मात्र परत येत नाहीत.