प्रायश्चित्त घेतलं म्हणजे पश्चात्ताप झाला का?

गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली गोपाळराव जोशींच्या पुढाकाराने पुण्यातली नामवंत मंडळी जमली होती. चहा आला. काहींनी घेतला, काहींनी नाही. पुढे नावं छापून आली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटलं. टिळक, रानड्यांसारख्यांकडेही प्रायश्चित्ताची मागणी झाली. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतलं, मित्रमंडळींची कोंडी सुटावी म्हणून. मिशनमध्ये चहा पिणं हे पाप, असं त्यांना वाटत नव्हतं.

यात त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण प्रायश्चित्त मनाला न शिवताही पुरं होऊ शकतं, हे इथे लख्ख दिसतं. ते चार लोकांसमोर होतं, एका दिवशी संपतं आणि माणूस पुन्हा पंगतीत बसतो. प्रभू येशू ज्या पश्चात्तापाबद्दल बोलतो, त्याला साक्षीदार लागत नाही. लागतं ते मागे फिरणं.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा घोळ लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात होतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावायची, चाळीस दिवस मटण बंद, शुक्रवारी उपास. हे सगळं चांगलं आहे, मीही पाळतो. पण समजा, वडगाव शेरीत एकाचा फ्लॅट भाड्याने आहे. शिकायला आलेला मुलगा खोली सोडताना डिपॉझिट मागतो. भिंतीला डाग नाही, नळ ठीक आहे, तरी रंगकाम आणि साफसफाई म्हणून अर्धे पैसे कापले जातात. पोराची गावाकडची गाडी चुकायला नको म्हणून तो वाद घालत नाही. मग लेंटमध्ये मालकाला टोचणी लागते. तो मटण सोडतो, रविवारी अर्पणाच्या थैलीत पाचशेची नोट टाकतो. मन हलकं होतं. पोराचे पैसे मात्र त्याच्याच खात्यात!

हे प्रायश्चित्त झालं, आणि तेही चुकीच्या पत्त्यावर.

बायबलमधल्या यरीहोच्या जक्कयाकडे बघा (लूक १९). मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गब्बर झालेला. येशू त्याला आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. अट नाही, दंड नाही. त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात आपण होऊन कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पंचमांश द्यायचा होता. चौपट भरपाई मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला होती. जक्कय स्वतःला त्या चोराच्या रांगेत उभं करतो. मला या गोष्टीतला क्रमच सगळ्यात मोलाचा वाटतो. परतफेडीने त्याने येशूला विकत घेतलं नाही; येशू घरी आला, म्हणून हात सैल झाला.

कॅथलिक मंडळीत पापनिवेदनानंतर फादर प्रायश्चित्त नेमून देतात. तिथेही क्षमेचे शब्द सहसा ते पुरं होण्याआधीच उच्चारले जातात, आणि पापाचं दुःख व ते पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल तर पापनिवेदनाला अर्थ राहत नाही. पापाची शिक्षा माफ करणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ साली ९५ मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. म्हणजे ईस्टरला मटण शिजलं तरी हे काम सुरूच.

तेव्हा त्या घरमालकाने काय करावं? जुन्या करारनाम्यावरून पोराचा नंबर काढावा, फोन करावा, "तुझे पैसे मी उगाच कापले" असं सरळ म्हणावं आणि कापलेली रक्कम, वर थोडी घालून, त्याच दिवशी पाठवावी. पुढच्या भाडेकरूचा हिशेब चोख ठेवावा. नंबर बंद असेल तर घरच्यांचा शोध घ्यावा. ज्याचं नुकसान केलं तो नाही आणि त्याचा कोणी आप्तही नाही, अशा वेळी भरपाई परमेश्वराची म्हणून याजकाकडे द्यावी, असं बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. थैलीत नोट टाकायची पाळी येते ती तेव्हा.