मोठी डिश, ढोबळ नेम? एक खुलासा
उपग्रहाचा सिग्नल पकडणारी मोठी डिश जास्त सिग्नल गोळा करते, त्यामुळे ती अंदाजाने वळवली तरी चालते, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. गोळा करण्याचा भाग खरा आहे. निष्कर्ष मात्र नेमका उलटा आहे. व्यास वाढतो तसा डिशचा झोत, म्हणजे ती ज्या कोनातून सिग्नल पकडते तो पट्टा, अरुंद होतो: १२ गिगाहर्ट्झच्या केयू बँडवर (उपग्रह-प्रसारणाचा एक वारंवारता-पट्टा) ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत सुमारे ३ अंशांचा असतो, तर ३ मीटरच्या डिशचा जेमतेम ०.६ अंशाचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहून थोडासाच मोठा. ४ गिगाहर्ट्झच्या सी बँड या खालच्या पट्ट्यावर तीच ३ मीटरची डिश पावणेदोन अंशांची मोकळीक देते, म्हणून नेम धरण्याची सुरुवात तिथून करणे शहाणपणाचे.

खरी मेख डिशच्या खांबात असते. तो ओळंब्यात नसेल, तर डिश आडवी फिरवताना तिचा उंचीचा कोनही नकळत बदलतो आणि मग एक बाजू सावरताना दुसरी बिघडते. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते, तेव्हा त्या ठिकाणचा खऱ्या उत्तरेशी असलेला फरक जमेस धरावा आणि लोखंडापासून दूर उभे राहूनच ते वाचावे. सिग्नल मोजणाऱ्या मीटरवरच्या 'स्ट्रेंथ'वर, म्हणजे सिग्नलच्या नुसत्या जोरावर, भिस्त ठेवू नये, कारण शेजारच्या उपग्रहाकडे वळलेली डिशही ती भरघोस दाखवू शकते. हव्या त्या वाहिनीची 'क्वालिटी', म्हणजे सिग्नलची शुद्धता, पाहत डिश केसभर सरकवावी आणि बोल्ट आवळतानाही आकड्यावर नजर ठेवावी, कारण शेवटच्या पिळाला ती बहुधा हलतेच.