फोर्टिनब्रास येतो की नाही? : पडद्यावरच्या 'हॅम्लेट'ची पार्श्वभूमी

डेन्मार्कच्या राजपुत्राची शोकांतिका सांगणारं शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' पडद्यावर पहिल्यांदा आलं ते तलवारबाजीपुरतं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात शेवटच्या द्वंद्वाची एक छोटीशी फीत दाखवली गेली. दोन मिनिटांचीही नव्हती ती, आणि त्यात हॅम्लेट झाली होती एक विख्यात फ्रेंच अभिनेत्री. मूकपटांपैकी आवर्जून सांगावा असा एकच, १९२१चा जर्मन 'हॅम्लेट'. त्यात हॅम्लेट ही मुळात मुलगी असते; गादीला वारस हवा म्हणून तिला मुलगा म्हणून वाढवलेलं असतं. पण पुढच्या वादाशी ज्याचा संबंध आहे तो बदल वेगळाच. नाटकात जेमतेम दोनदा दिसणारा नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास या चित्रपटात हॅम्लेटचा विद्यापीठातला मित्र आहे.

पडद्यावरच्या 'हॅम्लेट'चा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या फोर्टिनब्रासभोवतीच फिरतो, असं मला वाटतं. नाटकात हॅम्लेट मेल्यावर हाच शेवटी येतो आणि डेन्मार्कची गादी घेतो; त्याला ठेवायचं की गाळायचं, हाच तो वाद. संहिता कापायला बसलं की पहिला बळी त्याचाच जातो.

खरं तर ही काटछाट सिनेमाने सुरू केली नाही. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीर्घकाळ पडदा पडायचा तो हॅम्लेटच्या मृत्यूवर; नायकाने प्राण सोडल्यावर परका राजपुत्र येऊन बोलतो, हे प्रमुख नटांना रुचत नसे. १८९७ साली लंडनच्या एका प्रयोगात त्याला मुद्दाम परत आणलं गेलं आणि त्याची चर्चाही झाली.

या वादात 'मूळ संहिता' हा शब्द दोन्ही बाजू वापरतात, आणि गोंधळ तिथेच आहे. मूळ म्हणजे कोणती? १६०३ची आखूड छापील प्रत, १६०४-०५ची सर्वांत लांब प्रत, की १६२३च्या संग्रहातली? पोलंडवर निघालेलं फोर्टिनब्रासचं सैन्य पाहून हॅम्लेट जे मोठं स्वगत म्हणतो, ते फक्त दुसऱ्या प्रतीत आहे. १६२३च्या प्रतीत त्या प्रवेशाच्या फोर्टिनब्रासच्या तोंडच्या काही ओळी तेवढ्या उरतात. म्हणून कापणारे म्हणतात, हे काम चारशे वर्षांपूर्वीच झालेलं आहे. स्वगतापुरतं ते मान्य करता येईल. शेवटच्या प्रवेशाला मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही, कारण तिन्ही प्रतींत फोर्टिनब्रास अखेरीस येतोच. मरता मरता हॅम्लेट राजा म्हणून त्यालाच कौल देतो. थोरल्या हॅम्लेटने, म्हणजे नायकाच्या बापाने, फोर्टिनब्रासच्या बापाला हरवलं त्याच दिवशी धाकटा हॅम्लेट जन्मला, हे थडगी खणणारा सहज बोलता बोलता सांगून जातो. त्या दिवशी गेलेली जमीन, आणि तिच्यासोबत सगळं राज्य, शेवटी न लढता नॉर्वेकडे जातं. हे काढलं की उरते ती एका घराची गोष्ट. राज्य उरत नाही.

१९४८च्या ब्रिटिश चित्रपटाने नेमकं हेच केलं, आणि तेही ठरवून. ज्याला मन पक्कं करता आलं नाही अशा माणसाची ही शोकांतिका, असं सुरुवातीलाच निवेदनात सांगून टाकलं. फोर्टिनब्रास गेला, रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न ही हॅम्लेटच्या जुन्या मित्रांची जोडगोळीही गेली. फोर्टिनब्रासची शेवटची आज्ञा हॅम्लेटचा जिवलग मित्र होरॅशियो याच्या तोंडी आली. चार सरदार प्रेत खांद्यावर घेऊन जिने चढत जातात. वाटेत रिकामी खुर्ची, प्रार्थनेची जागा, राणीचा पलंग लागतो आणि शेवटी बुरुजाचा माथा येतो. दृश्य विलक्षण देखणं आहे, यात वाद नाही. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. अमेरिकेबाहेरच्या चित्रपटाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्या यशामुळे ही काटछाट जणू नियमच होऊन बसली. १९९०च्या चित्रपटातही फोर्टिनब्रास नाही.

याला सर्वांत ठाम उत्तर मिळालं १९६४च्या सोव्हिएत चित्रपटातून. गंमत अशी की त्याच दिग्दर्शकाने दहा वर्षांपूर्वी लेनिनग्राडला नाटक बसवलं, तेव्हा शेवटी फोर्टिनब्रासऐवजी शेक्सपिअरचं एक सुनीत घेतलं होतं. पडद्यावर मात्र त्याने फोर्टिनब्रासला जागा दिली. इथे एल्सिनोर, म्हणजे डेन्मार्कच्या राजाचं ठाणं, नुसता वाडा नाही, दगडी तुरुंग आहे. गादीवर बसलेल्या हॅम्लेटच्या काकाचं पहिलं भाषण आपण दरबारात ऐकत नाही. बाहेर जमलेल्या रयतेपुढे ते फर्मान म्हणून वाचलं जातं. हॅम्लेट मरतो तोही बाहेर, समुद्राकाठच्या खडकांवर, आणि फोर्टिनब्रासचे सैनिक त्याला उचलून नेतात.

त्याच वर्षी ब्रिटिश आणि डॅनिश दूरचित्रवाणीने मिळून खुद्द क्रोनबोर्ग किल्ल्यात, म्हणजे खऱ्याखुऱ्या एल्सिनोरला, चित्रण केलं. त्यातही फोर्टिनब्रास आहे. टीव्हीकडे सैन्य उभं करायला पैसा नव्हता, वेळ मात्र होता. शेक्सपिअरची ३७ नाटकं चित्रित करण्याच्या ब्रिटिश प्रकल्पात १९८० साली आलेलं 'हॅम्लेट' सुमारे साडेतीन तासांचं आहे. टीव्हीची ही कामगिरी नेहमीच कमी लेखली जाते.

मग १९९६ साली ७० मिमी फिल्मवरचा चार तासांचा 'संपूर्ण' हॅम्लेट आला. 'संपूर्ण' म्हणजे दोन प्रती एकत्र जोडलेला. या जोडणीची पद्धत नंतरच्या संपादकांची. मध्यंतराआधी बर्फाच्या मैदानात हॅम्लेट ते मोठं स्वगत म्हणतो आणि कॅमेरा मागे मागे सरकत जातो. खाली सैन्य पसरलेलं. शेवटी फोर्टिनब्रास राजवाड्यावर चाल करून येतो आणि थोरल्या हॅम्लेटचा पुतळा घणांनी फोडला जातो. संहितेत हा हल्ला नाही. तिथे तो पोलंड जिंकून परतत असतो. तरीही एक राज्य बुडताना आपण पाहतो, आणि त्यासाठी हे स्वातंत्र्य घेणं मला रास्त वाटतं.

२००० साली न्यूयॉर्कमध्ये घडवलेल्या चित्रपटात डेन्मार्क ही एक कंपनी आहे. फोर्टिनब्रास प्रत्यक्ष येत नाही, बातम्यांत दिसतो. अखेरच्या ओळी टीव्हीवरचा वृत्तनिवेदक वाचतो.

हिंदीत १९३५ आणि १९५४ साली 'हॅम्लेट' येऊन गेलं होतं. पण हा प्रश्न नव्याने उभा केला तो २०१४च्या 'हैदर'ने. १९९५च्या काश्मीरमध्ये शेवटी बाहेरून सैन्य यायची गरजच उरत नाही, ते पहिल्या दृश्यापासून तिथे आहे. गादी सोपवायलाही कोणी नाही. पाय गमावलेला काका रक्ताळलेल्या बर्फात सरपटत मरण मागतो. हैदर त्याच्यावर पिस्तूल रोखतो आणि गोळी न झाडताच निघून जातो.