जन्मकालीन लिंगनिश्चिती

नवजात बाळाची बाह्य जननेंद्रिये पाहून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशी नोंद करण्याची पद्धत. काम क्षणभराचे असते. गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके यांची तपासणी त्या वेळी सहसा होत नाही; दिसते त्यावरून ती गृहीत धरतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत हे गृहीतक खरे ठरते.

सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत सर्व गर्भांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुक (शोध १९९०) कार्यरत झाले की त्यांची वृषणे बनू लागतात. एरवी सामान्यतः अंडाशय. बाह्य अवयवांचाही आरंभ एकच. ज्या उंचवट्यापासून शिश्न घडते त्यापासूनच शिश्निका (क्लिटोरिस), त्वचेच्या ज्या घड्यांपासून वृषणकोश त्यांपासूनच बृहद्भगोष्ठ (योनीमुखाबाहेरचे मोठे ओठ). म्हणून मधली, म्हणजे आंतरलिंगी, रूपेही आढळतात.

अशा बाळाच्या वृषणकोशासारख्या भागात वृषणे हाताला लागली नाहीत, तर घाईने नोंद करू नये. एक्सएक्स गुणसूत्रांच्या मुलीत अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील) ग्रंथींच्या जन्मजात विकारामुळे शिश्निका वाढलेली असू शकते. याच विकाराच्या एका प्रकारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातील मीठ घटून जिवावर बेतते. तिथे रक्तातील सोडियम-पोटॅशियम पाहणे लिंगनोंदीपेक्षा कितीतरी निकडीचे.

लिंगभाव ओळख, म्हणजे स्वतःविषयी आतून असलेली ‘मी बाई, पुरुष की आणखी कोणी’ ही जाणीव, या नोंदीतून वाचता येत नाही. दोन उदाहरणे बोलकी आहेत. दोन्हींत गुणसूत्रे एक्सवाय, वृषणे शरीरात, आणि बाळ मुलीसारखे दिसते म्हणून वाढवलेही मुलगी म्हणून. पुरुषी संप्रेरकांना शरीर मुळीच प्रतिसाद देत नसेल, तर अशा बहुतेक व्यक्ती स्वतःला स्त्रीच मानतात. पाच-अल्फा-रिडक्टेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल, तर वयात येताना शिश्न वाढते, आवाज फुटतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात १९७० च्या दशकात अभ्यासलेल्या अशा बहुतेकांनी पुढे पुरुष म्हणून जगणे पत्करले. गुणसूत्रे तीच, संगोपनही तेच, ओळख मात्र निराळी. संप्रेरकांचा वाटा इथे उघड दिसतो, पण तेवढ्याने उलगडा होत नाही: अनेक पारलिंगी व्यक्तींच्या शरीररचनेत काहीच वेगळे नसते, तरी त्यांची ओळख जन्मनोंदीशी जुळत नाही. ही विसंगती जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू असलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात मानसिक विकारांतून काढली.

आंतरलिंगी बालकांवर केवळ ‘रूप सुधारण्यासाठी’ होणाऱ्या शस्त्रक्रिया हा वादाचा विषय आहे. मूल स्वतः संमती देऊ शकेपर्यंत त्या टाळाव्यात, असा कायदा माल्टाने २०१५ मध्ये केला.