हायड्रॉलिक क्लचमधील हवा काढणे (जुन्या मोटारी)

हायड्रॉलिक क्लचच्या नळीत शिरलेली हवा बाहेर काढून तेथे पुन्हा सलग द्रव भरण्याच्या कामास मुंबईतील गॅरेजांमध्ये ‘क्लचची एअर काढणे’ म्हणतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ब्रेक ऑइल पुढे ढकलतो, ते गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचते आणि त्याचा दांडा क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारी तरफ, रेटतो. नळीत हवा असली की पायाचा जोर ती आक्रसण्यातच खर्च होतो, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर, विशेषतः रिव्हर्स, करकरत पडतो. केबलवर चालणाऱ्या क्लचला, उदाहरणार्थ मारुती ८००च्या, ही बाधा नाही.

नेहमीच्या पद्धतीत एकजण पेडल दाबून धरतो, तर गाडीखालचा दुसरा स्लेव्हवरील निपल (हवा सोडण्याचा पोकळ स्क्रू) सैल करून पारदर्शक नळीवाटे ऑइल बाटलीत सोडतो आणि पेडल वर येण्याआधी निपल आवळतो. मास्टरला ऑइल पुरवणाऱ्या टाकीतील पातळी खाली गेल्यास हवा पुन्हा आत ओढली जाते, इतके पथ्य पाळले की नव्या गाडीत काम सहसा एका बैठकीत उरकते.

जुन्या गाडीत मात्र बाटल्यामागून बाटल्या ओतूनही पेडल मऊच राहते, आणि अशा वेळी आणखी पंपिंग करण्यापेक्षा निदान करणे शहाणपणाचे असते. भराभर पंप केल्यावर पेडल घट्ट होत असेल, तर हवा खरोखरच उरलेली आहे. निपल सिलिंडरच्या सर्वांत उंच भागी आहे ना, हे तेव्हा प्रथम पाहावे. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर मास्टरच्या पिस्टनवरील रबरी वॉशर आतल्या आत ऑइल मागे सोडत आहे. दाब देताना रबरी होज फुगत असेल, तर ती बदलण्याखेरीज इलाज नाही. पुशरॉडला, म्हणजे पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला, मोकळी चाल ठेवलेली नसल्यास टाकीकडून येणारे छिद्र पिस्टनने झाकलेलेच राहते आणि कितीही पंप केले तरी ऑइल उतरत नाही. ही चूक नवा मास्टर बसवल्यावर हमखास आढळते. पेडल दाबण्याऐवजी निपलमधून ऑइल ओढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावला असता निपलच्या आट्यांमधूनही हवा ओढली जाते, त्यामुळे नळीत सतत दिसणारे बुडबुडे दर वेळी यंत्रणेतलेच असतील असे नाही.

मुंबईच्या दमट हवेत या कामाला आणखी एक पदर आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलयुक्त ऑइले हवेतील ओलावा शोषतात, आणि वर्षानुवर्षे ती न बदलल्यास लोखंडी सिलिंडरच्या आतील पृष्ठभागाला गंज धरतो. पिस्टनची रोजची चाल होते तेवढा भाग गुळगुळीत राहतो, पण त्यापलीकडचा खडबडीत होतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबले की वॉशर नेमके त्या भागावर घासून फाटते. म्हणून पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून चाल मर्यादित करणे, किंवा स्वच्छ ऑइलकॅनने निपलमधून ऑइल वर, टाकीकडे, सावकाश ढकलणे अधिक सुरक्षित ठरते. सिलिंडरला खड्डे पडले असतील तर नुसते किट (नव्या वॉशरांचा संच) टाकून भागत नाही. ऑपेरा हाऊस परिसरात स्पेअर पार्ट आणि कुर्ल्यात जुने सुटे भाग मिळतात. मात्र जुना सिलिंडर घेताना तो आतून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

निदानाची शेवटची पायरी म्हणजे स्लेव्हच्या दांड्याची चाल मोजणे. ती कारखान्याच्या पुस्तिकेत दिल्याइतकी भरत असूनही गिअर करकरत असेल, तर दोष ऑइलच्या बाजूला नसून झिजलेल्या फोर्कमध्ये, प्रेशर प्लेटमध्ये किंवा फ्लायव्हीलला चिकटलेल्या क्लच प्लेटमध्ये असतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.